धंदा बुडालेल्यांस नवा धंदा
(पेठ वडगाव येथील वर्गणीदारांच्या सभेत केलेले भाषण)



समितीच्या चिटणिसांनी आताच आपणांस अहवाल वाचून दाखविला. धान्य किती आले, किती वाटले, कडब्याच्या पेंढ्या कोणकोणत्या गावी पोचल्या, शिल्लक काय राहिली, याचा पै-पैचा हिशेब त्यात आहे. त्यात मला काही भर घालावयाची नाही. मला बोलावयाचे आहे ते या अहवालाच्या एकाही रकान्यात ज्यांची नोंद नाही अशा लोकांविषयी. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत वारणा व पंचगंगा या दोन्ही नद्यांनी आपली काय दशा केली हे सांगण्याची गरज नाही. पूर ओसरला, घरात धान्य पडले, पडलेली भिंत पुन्हा उभी राहिली. पण ज्या धंद्याच्या जोरावर ते घर चालत होते तो धंदाच परत आला नाही, अशी कुटुंबे आपल्या हातकणंगले तालुक्यात पुष्कळ आहेत. त्यांस आपण पूरग्रस्त म्हणत नाही, दुष्काळग्रस्तही म्हणत नाही. मग त्यांस म्हणावे तरी काय? आपल्या कोणत्याही फॉर्मात त्यांच्यासाठी शब्द नाही, आणि शब्द नाही म्हणून मदतही नाही.

प्रथम एका कायद्याच्या शंकेचे निरसन करतो, कारण ती शंका याच सभागृहात माझ्या कानावर आली. कित्येक वर्गणीदारांचे म्हणणे असे की, आम्ही पैसे दिले ते भुकेल्याच्या पोटासाठी. ते उद्या कोणास यंत्र शिकविण्यासाठी खर्ची पडले तर तो विश्वासघात होईल. हे म्हणणे रास्त आहे. आपल्याकडील १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यात कलम ५५ व ५६ आहेत. ज्या हेतूसाठी निधी जमला तो हेतू पार पडून शिल्लक उरली, किंवा तो हेतू पार पाडणेच अशक्य झाले, तर त्या रकमेचा त्यासारख्याच जवळच्या कामी उपयोग करण्याची परवानगी न्यायालयाकडून मागता येते. परवानगीशिवाय मात्र येत नाही. म्हणून मी समितीस जो सल्ला दिला आहे तो असा: पुराच्या शिलकेस हात लावू नका. ती पुढच्या पुरासाठी राहू द्या. नदी काही राजीनामा देऊन गेलेली नाही. नव्या कामासाठी नवे खाते उघडा, नवी वर्गणी मागा, आणि कोणत्या कामासाठी मागतो ते स्वच्छ सांगून मागा. आजची माझी याचना त्या नव्या खात्यासाठी आहे.

आता मुख्य विषयाकडे येतो. दुष्काळात माणसाला काम द्यावे, फुकट शिधा देऊ नये, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे, व त्यात बरेच तथ्य आहे. पण काम म्हणजे कोणते काम? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनेत सरकारने रस्त्यांची व तलावांची कामे काढली. रिचर्ड टेंपल साहेबाने मजुरीचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणले आणि १८७७ च्या आरंभी हजारो लोक कामे सोडून निघून गेले. त्या वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने व सार्वजनिक काकांनी लोकांची बाजू किती नेटाने मांडली हे सर्वश्रुत आहे. मजुरी पुरेशी नव्हती ही गोष्ट तर झालीच. पण त्याहून कमी बोलली गेलेली एक गोष्ट आहे. त्या खडीच्या ढिगांवर शेतमजूर जसे बसले होते तसे साळी आणि कोष्टीही बसले होते. शेतमजुराचा हात कुदळीला सरावलेला असतो. पाऊस पडला की तो आपल्या शेतावर परत जातो. विणकराचे तसे नाही. ज्या बोटांनी बारीक सुताचा तुटलेला धागा न पाहता जोडायचा, त्या बोटांनी चार महिने दगड फोडले की ती बोटे पुन्हा धाग्याला लागत नाहीत. शिवाय पोटासाठी माग विकलेला असतो. म्हणजे दुष्काळ संपतो त्या दिवशी त्या माणसाचा दुष्काळ सुरू होतो.

ही गोष्ट ओळखणारी माणसे त्या काळीही होती. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी सोलापुरास जाऊन तेथील व्यापाऱ्यांस एकत्र केले. विणकरांस खडी फोडावयास न पाठविता त्यांच्याच मागावर काम द्यावे, सूत पुरवावे, तयार कापड ठेवून घ्यावे, भाव सुधारल्यावर ते विकावे, आणि जे नुकसान येईल ते व्यापारी व सरकार यांनी वाटून सोसावे, असा त्या योजनेचा आशय होता. सरकारने ती मान्य केली नाही. पण व्यापारी मंडळींनी त्यातील हिशेब पाहावा म्हणून मी ती येथे सांगितली. खडी विकत घेणारा कोणी नसतो. कापड आज ना उद्या विकले जातेच. फुकट गेलेल्या मजुरीपेक्षा अर्ध्या भावाने गेलेले कापड पुष्कळ स्वस्त पडते, आणि वर विणकर विणकर राहतो, हा नफा तर हिशेबात धरलेलाच नाही.

येथपर्यंतची गोष्ट धंदा तात्पुरता थांबला तर त्यास टिकवून धरण्याची झाली. पण धंदाच काळाने मोडीत काढला तर? तेथे माणसाला टिकवून धरून उपयोग नाही, त्याला वळवावे लागते. आणि वळविणे म्हणजे काय हे पाहण्यास आपणांस विलायतेस जाण्याचे कारण नाही.

राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ साली आपल्या संस्थानात कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमण्याची पद्धत सुरू केली. पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था एका हुकमाने मोडली. असा हुकूम काढणारे राज्यकर्ते इतिहासात पुष्कळ सापडतील. महाराजांचा विशेष असा की, हुकमाबरोबर त्यांनी तलाठ्याचे काम शिकविण्याचे वर्गही काढले, आणि ज्या जातींतील मुलांनी दप्तर दुरूनच पाहिले होते त्यांस तेथे बसविले. जमाबंदी, पीकपाहणी, खातेउतारा या गोष्टी जन्माने येत नाहीत, शिकविल्याने येतात, हे त्यांनी करून दाखविले. माझ्या स्वतःच्या धंद्यापुरते बोलायचे तर, अस्पृश्य समाजातील काही तरुणांस त्यांनी वकिलीच्या सनदाही दिल्या. आम्हा पदवीधरांस आपली पदवी म्हणजे आकाशातून पडलेले ताम्रपट वाटते, त्यांनी हे लक्षात ठेवणे बरे.

पण महाराजांची याहूनही मला मोठी वाटणारी गोष्ट निराळीच आहे. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत नोकरीस होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांस मारहाण झाली. महाराजांनी त्यांस चाकरीतून मोकळे केले व स्वतःचा धंदा काढण्यास पैसे दिले. त्यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान घातले. आता भांडवल झाले, चहा करण्याचे कसबही आले. पण त्या काळी त्यांच्या हातचा चहा प्यावयास येणार कोण? तेव्हा महाराज स्वतः त्या दुकानापुढे गाडी थांबवून चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या मंडळींसही घ्यावा लागला. सज्जनहो, कसब, भांडवल आणि गिऱ्हाईक या तीन पायांवर नवा धंदा उभा राहतो. आजकाल आपण पहिल्या पायाविषयी फार बोलतो, दुसऱ्याविषयी बँकेत बोलतो, आणि तिसऱ्याविषयी कोणीच बोलत नाही. तिसरा पाय पुरविणे तुम्हा व्यापाऱ्यांच्या हाती आहे, म्हणूनच मी ही गोष्ट विस्ताराने सांगितली.

याच्या उलट चित्र मुंबईचे. आपल्या भागातील शेकडो घरांचा मुंबईशी गिरणीच्या भोंग्याने संबंध जोडलेला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मिटला असे आजपर्यंत कोणी म्हटलेले नाही. मालक बरोबर की पुढारी बरोबर या वादात मी शिरत नाही. त्या खटल्याचा निकाल देण्यास ही सभा बसलेली नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांच्या गावागावांत जी माणसे ट्रंक व वळकटी घेऊन एस.टी.तून उतरली त्यांचे पुढे काय झाले एवढेच मला विचारावयाचे आहे.

त्यांच्यासाठी काही झालेच नाही असे म्हणणे खोटे होईल. १९८६ साली केंद्र सरकारने कापड कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला. गिरणी कायमची बंद पडली तर पात्र कामगारास पहिल्या वर्षी मजुरीच्या पाऊण हिस्सा, दुसऱ्या वर्षी अर्धा, तिसऱ्या वर्षी पाव, अशी मदत ठरली. या उतरत्या पायऱ्यांमागचा हेतू उघड आहे: तीन वर्षांत माणूस दुसऱ्या धंद्यात स्थिर व्हावा आणि आधाराची काठी हळूहळू सुटावी. हेतू उत्तम. परंतु दुसरा धंदा शिकवायचा कोणी, कोठे, आणि शिकल्यावर घ्यायचे कोणी? १९९२ साली राष्ट्रीय नूतनीकरण निधी निघाला. त्याच्या नावातच नवे करणे होते, व कामगारांचे नवे शिक्षण हा त्याचा एक जाहीर उद्देश होता. प्रत्यक्षात त्यातील बहुतेक रक्कम स्वेच्छानिवृत्तीचे पैसे देण्यात गेली. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाच्या हातात एकदम रक्कम पडली. ती मुलीच्या लग्नात, घराच्या कौलांत, भाऊबंदकीच्या दाव्यात गेली. दाव्याचा भाग आमच्याकडे आला, म्हणून मला माहीत आहे. आणि स्पिनिंग खात्यातला कसबी माणूस कोणाच्या तरी दारावर पहारेकरी म्हणून उभा राहिला. पहारेकऱ्याचा धंदा कमी प्रतीचा असे मी म्हणत नाही. वीस वर्षांचे कसब एका दिवसात शून्य झाले, आणि ते शून्य कोणाच्याही जमाखर्चात दिसले नाही, हे मी म्हणतो.

१९७२ च्या दुष्काळाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. त्या वेळी कामे इतक्या मोठ्या प्रमाणावर निघाली की १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे त्यांवर होती. त्याच अनुभवातून, आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील विसापूरचे वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना वाढीस लागली, व १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम हा हक्क कायद्यात लिहिला गेला. पुढे २००५ साली सबंध देशाने तो धडा घेतला. महाराष्ट्राने देशास दिलेल्या देणग्यांत ही मी फार वरची मानतो. परंतु ती देणगी कुदळ-फावड्याची होती व तिला तेवढेच म्हणणे न्यायाचे आहे. यंत्रमागावरच्या कामगारास तिने एका उन्हाळ्याचा आधार दिला असता. नवा धंदा दिला नसता.

मंडळी, ज्या गावात आपण बसलो आहोत तेथे सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. १७०८ साली ते येथे वारले. त्यांच्या मागून शंभर-सव्वाशे वर्षे या मुलखातील घरटी एक माणूस घोड्यावर होता. १८१८ नंतर तो घोड्यावरून उतरला. त्यास कोणी शाळा काढली नाही, कोणी विद्यावेतन दिले नाही. त्याची नातवंडे-पणतवंडे आज उत्तम बागायत करतात व याच सभेत बसली आहेत. हे पाहून कोणी म्हणेल, मग चिंता कसली, काळच सारे सुरळीत करतो. करतो खरा, पण मधल्या दोन पिढ्यांनी काय खाल्ले ते काळ सांगत नाही.

आता आपल्या दारातील स्थिती. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या उत्तेजनाने व लोकांच्या उद्योगाने त्या गावाचे काय झाले हे आपण पाहातच आहोत. आज तेथे साध्या मागाच्या जागी धोट्याशिवाय चालणारे माग येत आहेत. ते येऊ नयेत असे म्हणण्यात अर्थ नाही. १९०४ साली हातमागवाल्यांनीही तेच म्हटले असेल. परंतु एका यंत्रमागाभोवती किती हात असतात याचा विचार करा. माग चालविणारा, बिघाड काढणारा जॉबर, कांड्या भरणाऱ्या बाया, वहिफणीचे काम करणारे, घडीवाले, दिवाणजी. धोटा गेला की कांडी गेली. कांडी गेली की कांडीवाली गेली. तिला कोणी कामावरून काढले नाही. तिचे कामच उरले नाही. माग चालविणाऱ्याचे काम उरते, पण बदलून. हातांऐवजी पडद्यावरचे आकडे वाचावे लागतात, आणि थोड्या माणसांकडून पुष्कळ माग चालतात.

हुपरीच्या चांदीच्या धंद्यात पैंजणाचे हाताने होणारे काम साच्याकडे व यंत्राकडे जात आहे. आपल्या भोवतालची गुऱ्हाळे कमी झाली, व गुळव्या ही जातच दुर्मीळ होत चालली. काहिलीतल्या उकळत्या रसाकडे पाहून, भेंडीचे पाणी केव्हा घालायचे, मळी केव्हा काढायची, पाक पाण्यात टाकून त्याची गोळी कशी वळते, हे ज्याला उमगते त्या माणसाला उष्णता आणि साखर यांचे जे ज्ञान असते ते पुस्तकाने यावयास वर्षे लागतील. साखर कारखान्यात पॅनमन म्हणून जो असतो त्याचे काम याच ज्ञानाचे भाऊबंद आहे. मग गुळव्याला पॅनमन का करू नये? कारण पॅनमनच्या जागेस दाखला लागतो आणि गुळव्याजवळ दाखला नाही. अशा वेळी मला वाटते, दाखला ही वस्तू माणसाचे कसब कळावे म्हणून निघाली होती, की कसबी माणूस बाहेर राहावा म्हणून?

शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांची कथा अधिक शिकण्यासारखी आहे, कारण तीत यशही आहे. कोल्हापूरचा यंत्रोद्योग म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागिरांनी उभा केला. विहिरीवरचे ऑइल इंजिन हे त्याचे मुख्य पीक. खेड्यांत वीज आली, विहिरीवर मोटार बसली, आणि इंजिनाचे गिऱ्हाईक आटले. तेव्हा कोल्हापूर बुडायला हवे होते, बुडाले नाही. त्याच भट्ट्यांतून मोटारगाड्यांच्या कारखान्यांसाठी ओतीव भाग निघू लागले. मोल्डर तोच, वाळू तीच. माप मात्र सुताचे होते ते मायक्रॉनचे झाले. हे कसे जमले? शिकविणारा आणि विकत घेणारा दोघेही एकाच दारातून आत आले म्हणून जमले. मागणी आली, तिच्यासाठी वस्ताद बसला, आणि वस्तादाच्या हाताखाली जुना माणूस चालू मजुरीवर नवे माप शिकला. मुंबईत कामगाराला पैसे मिळाले पण वस्ताद नाही आणि गिऱ्हाईकही नाही. दोहोंतला फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे. याच फौंड्र्यांपुढे आता दुसरे संकट उभे आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीला सिलिंडर ब्लॉक लागत नाही. आज भट्टी पेटलेली आहे, घरात मजुरी येते आहे; शिकविण्याची वेळ हीच आहे. भट्टी विझल्यावर शिकवायला निघणे म्हणजे घर जळाल्यावर विहीर खणणे होय.

एक चमत्कारिक गोष्ट २०२० साली दिसली. मार्च महिन्यात टाळेबंदी झाली, परप्रांतीय कामगार आपापल्या मुलखास गेले, आणि नंतर माग सुरू करावयाचे तेव्हा माणूस मिळेना. त्याच वेळी गावोगाव तरुण पारावर बसून होते. कारखानदार म्हणे माणूस नाही. माणूस म्हणे काम नाही. आणि दोघेही खरे बोलत होते. राज्य सरकारने जुलै महिन्यात महाजॉब्स नावाची नोंदणी सुरू केली ती हीच दरी भरण्यासाठी. पण नोंदणीने माणसाचा पत्ता कळतो, त्याला काम येत नाही.

सरकार काय करते हे सांगितल्याशिवाय सरकारावर बोट दाखविणे वकिलाला शोभत नाही. राज्यात कौशल्य विद्यापीठ निघाले आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था तर जुन्याच आहेत. २०२४ साली युवकांसाठी कार्यप्रशिक्षणाची योजना निघाली. बारावी झालेल्यास दरमहा ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकास ८,००० व पदवीधरास १०,००० असे विद्यावेतन सहा महिने ठरले. योजना चांगली आहे. मात्र तिची वयोमर्यादा १८ ते ३५. ज्याचा धंदा बुडाला तो बेचाळिसाचा आहे, त्याचे काय?

कायद्यातही एक नवी तरतूद आली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. तीत कामगारांच्या पुनर्कौशल्यासाठी निधी सांगितला आहे. कामगारास कमी केले तर मालकाने त्याच्या पंधरा दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम त्यात भरावयाची, व ती पंचेचाळीस दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यावर जमा व्हावयाची. नाव पुनर्कौशल्याचे, पण खात्यावर जमा झालेल्या पंधरा दिवसांच्या मजुरीतून कोण काय शिकणार? हे पुन्हा १९९२ चेच वळण दिसते. शिवाय ती मिळणार कोणाला? ज्याला रीतसर कमी केले त्याला. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक कामगार आला होता. बावीस वर्षे एकाच आवारातल्या मागांवर त्याने काम केले होते. हजेरीपट नाही, नेमणुकीचा कागद नाही, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक नाही. आठवड्याच्या हप्त्याच्या पेन्सिलीने लिहिलेल्या काही चिठ्ठ्या तेवढ्या त्याने एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. त्या चिठ्ठ्यांवर मालकाचे नावही नव्हते. कायद्याच्या दृष्टीने तो माणूस कामावर कधी नव्हताच; मग त्याला कमी कोण करणार?

तेव्हा सज्जनहो, जेथे सरकारी योजना वयाच्या रेघेवर थांबते आणि कायदा कागदाच्या रेघेवर थांबतो, तेथून पुढची जागा या समितीची आहे.

समितीपुढे ठेवलेली योजना लहान आहे, व लहान आहे म्हणूनच मी तिच्या बाजूने उभा आहे. पस्तीस ते पंचावन्न वयाच्या, धंदा गेलेल्या माणसांची नोंद गावोगाव करावयाची. हजेरीपट मागावयाचा नाही, गावातील दोन माणसांची साक्ष पुरे. नोंद झालेल्यास वर्गात बसवावयाचे नाही. चाळिशीच्या माणसाला बाकावर बसविले की त्याला आपण नापास झाल्यासारखे वाटते. चालू कारखान्यात, चालू मागावर, चालू भट्टीवर वस्तादाच्या हाताखाली त्यास सहा महिने ठेवावयाचे. वस्तादाला शिकविण्याचा मेहनताना समितीने द्यावा, कारण जो फुकट शिकवितो तो अर्धेच शिकवितो. त्या सहा महिन्यांत त्याच्या घरचे धान्य, तेलमीठ व मुलांची फी समितीच्या नव्या खात्यातून जावी. माणूस नवे काम अर्ध्यावर सोडतो ते शिकता येत नाही म्हणून क्वचितच. आठवड्याच्या शेवटी घरी काय न्यावे या विवंचनेने सोडतो. कारखानदाराशी आधीच लेखी करार व्हावा की सहा महिन्यांनंतर अमुक मजुरीवर, हजेरीपटावर नाव घालून, तो त्यास ठेवील. हे करारनामे मी व माझे कनिष्ठ सहकारी मोबदला न घेता लिहून देऊ.

कांडीवाल्या बायांचा विचार वेगळा केला पाहिजे. त्यांस दूरच्या वसाहतीत रात्रपाळीस पाठविणे बोलण्यास सोपे आहे. त्यांच्यासाठी गावातच शिवणकाम, कापडाची तपासणी, घडी व बांधणी अशी कामे पाहावी लागतील, आणि येथे कापडाच्या व्यापाऱ्यांनी आपण शहरातून जे तयार शिवून आणतो त्यातील काही भाग येथेच शिवून घेण्याचे कबूल केले तर वर्गणीपेक्षा ती मोठी देणगी होईल. शाळांचे गणवेश तेवढे जरी दिले तरी पुष्कळ घरे चालतील.

आक्षेप येतील. कारखानदार म्हणतील, आम्ही शिकवावे आणि माणूस शेजारच्या कारखान्यात जावा काय? जाईल. परंतु शेजारच्याने शिकविलेला तुमच्याकडेही येईल. तालुक्याचे कसब एका भिंतीआड राहत नाही. बागायतदार म्हणतील, मजूर असे शिकू लागले तर आमच्या उसाला कोण येणार? त्यांस माझे उत्तर थोडे कडू आहे. तोडणीयंत्रे आपणच आणतो आहोत. यंत्र आले त्या दिवशी मजुराची आपणांस गरज राहणार नाही. मग गरज असेपर्यंत त्याने अडाणी राहावे असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे? आणि कोणी म्हणेल, एवढ्या वयात काय शिकणार, पालथ्या घड्यावर पाणी. ज्या माणसाने पंचेचाळिसाव्या वर्षी मोबाइलवरून पैसे पाठविणे कोणाच्याही वर्गात न जाता शिकून घेतले, त्याला पालथा घडा म्हणवत नाही.

सर्वच शिकतील असे मी सांगत नाही. काहींची दृष्टी गेलेली असेल, काहींचे फुप्फुस कापसाच्या तंतूंनी भरलेले असेल. त्यांच्यावर शिक्षणाचा प्रयोग करणे हा छळ होईल. त्यांस सरळ मदत द्यावी, व त्या मदतीस मदतच म्हणावे.

पहिल्या वर्षी चाळीस माणसांपलीकडे जाऊ नये असे समितीचे मत आहे, व माझेही आहे. दर तिमाहीस कोण कोठे शिकत आहे, किती टिकले, किती सोडून गेले, याचा तक्ता वर्गणीदारांस छापून मिळेल. सोडून गेलेल्यांचा आकडा त्यात प्रथम असावा असा मी आग्रह धरला आहे, कारण अहवालात तोच आकडा नेहमी शेवटच्या पानावर लपलेला असतो.

नव्या खात्याची पावतीपुस्तके निराळ्या रंगाची केली आहेत, म्हणजे पुराच्या निधीशी घोटाळा होणार नाही. ज्या कारखानदारांस वस्ताद व जागा देता येईल, ज्या व्यापाऱ्यांस शिवणाचे किंवा इतर काम देता येईल, ज्या बागायतदारांस धान्याच्या रूपाने वर्गणी द्यावयाची असेल, त्यांनी सभेनंतर चिटणिसांकडे नावे नोंदवावी. धान्य देणाऱ्यांनी पोती बाजार समितीच्या आवारात आणण्याची तसदी घेऊ नये. समितीची गाडी घरी येईल. आणि आपल्या गावात, आपल्या वाड्यावस्तीवर असा कोणी बेकार कसबी माणूस माहीत असेल, तर त्याचे नाव, त्याचे वय आणि तो काय करीत असे एवढे एका चिठ्ठीवर लिहून द्यावे.